‘छान’ चालणार नाही

अक्कांच्या घरात ‘छान’ या शब्दाला बंदी होती. उपमा छान झालाय असं म्हटलं की त्या पळी तशीच हवेत धरून विचारायच्या, “छान म्हणजे काय? मीठ बरोबर पडलंय, की तुला भूक लागली होती?” यातलं एक काहीतरी सांगितल्याशिवाय दुसऱ्यांदा वाढत नसत. पहिल्या आठवड्यात मी दोनदा अर्धपोटी ऑफिसला गेले.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या त्या गल्लीत भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत.

मी नागपूरची. नोकरी कोरमंगलातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आणि राहणं तिथल्याच एका पीजीत, तिघींच्या खोलीत. एक दिवस इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, ‘चामराजपेटेत वरची खोली देणे आहे. वाचणारी मुलगी हवी. बाकी अट नाही.’ मी बघायला गेले. दार उघडलं ते सत्तरीच्या एका उंच बाईंनी. पांढरे केस कानापर्यंत कापलेले, सुती साडीवर परदेशी गेलेल्या मुलाचा जुना शर्ट, शर्टाच्या खिशात चार पेन्सिली. त्यांनी मला खुर्ची दिली, पुढ्यात त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवलं आणि म्हणाल्या, “यातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते शोध. मी कॉफी करते.”

दहा मिनिटांनी मी एका मंत्र्याच्या भाषणावर बोट ठेवलं.

“चूक. ते नुसतं मूर्खपणाचं आहे. खोटं हे बघ.” त्यांनी कुणाच्या तरी निधनाच्या जाहिरातीतल्या ‘सर्वांचे लाडके’ या शब्दांवर पेन्सिल टेकवली. “सर्वांचा लाडका माणूस मला अजून भेटायचाय. पण शोधलंस तरी. सरी, ठीक आहे, कधी येतेस राहायला?”

त्यांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. मराठी घरात जपलेली, त्यामुळे थोडी जुन्या वळणाची आणि मध्ये मध्ये कन्नड विणलेली. रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भांडता भांडता त्या माझ्याकडे वळून मराठीत त्याची बाजूही समजावून सांगत. दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका त्या दुकानदाराला आत जाऊन सांगायच्या, तीनही भाषांतल्या. एका शिंप्यानं पाटी बदलेपर्यंत त्यांनी त्याच्याकडे ब्लाउज टाकला नव्हता.

वाचणाऱ्या माणसाचं त्यांना एवढं वेड का, ते मला झुणक्याच्या गोष्टीमुळे कळलं. अक्का तीस वर्षं एका बँकेत हिंदी अनुवादक होत्या. इंग्रजी परिपत्रक आलं की त्याचं हिंदी करायचं, त्यावर चार साहेबांच्या सह्या घ्यायच्या, ते सगळ्या शाखांना पाठवायचं. नोकरीच्या विसाव्या वर्षी, हे कुणी वाचतं तरी का, अशी त्यांना शंका आली म्हणून त्यांनी एका परिपत्रकात सातवं कलम स्वतःचं घातलं. त्यात झुणका कसा करावा हे लिहिलं होतं. कांदा किती, बेसन कधी, सगळं सरकारी हिंदीत. चारही सह्या झाल्या. परिपत्रक गेलं. एकाही शाखेतून चकार शब्द आला नाही.

“रागावले असते तरी मला चाललं असतं,” अक्का सांगायच्या. “नोकरी गेली असती तरी मी पेढे वाटले असते. तीस वर्षं मी न वाचण्यासाठी लिहिलं. म्हणून निवृत्त झाल्यावर ठरवलं की एक तरी पुस्तक असं करायचं, की वाचणाऱ्याला त्यातून पळून जाता येणार नाही.”

ते पुस्तक त्यांना ॲव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर सापडलं होतं. दर गुरुवारी त्या पिशवी घेऊन जुन्या पुस्तकांच्या ढिगात उकिडव्या बसायच्या. कादंबरी इंग्रजी, दक्षिण आफ्रिकेतली. गोरे आणि काळे यांना कायद्यानं वेगळं करून टाकलं होतं त्या काळातली, आणि विनोदी. एका लहान गावातला एक अधिकारी, स्वभावानं गरीब, कामाला चोख. गावातलं सगळं दोन भागांत वाटून वेगळं करण्याचा त्याला हुकूम येतो. तो बाकं वेगळी करतो, पोस्टाच्या खिडक्या वेगळ्या करतो, मग स्मशान, मग दवाखान्यातले थर्मामीटर. परदेशी पाहुणे येणार म्हटल्यावर सगळ्या पाट्या गुपचूप काढतो आणि पाहुणे गेल्यावर परत ठोकताना कुठली पाटी कुठली होती तेच विसरतो. आपण हसत पानं उलटत असतो. मग एक दिवस दोन वस्त्यांच्या बरोबर सीमेवर असलेल्या एका घराला आग लागते. गावात आगीचे बंब दोन, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. कुठला बोलवायचा हे ठरवण्यासाठी साहेब टेप घेऊन घर मोजत बसतो. आत एक म्हातारी मोलकरीण आहे, आधीपासून अधूनमधून भेटत आलेली. मोजून होतं तेव्हा ती मेलेली असते. लेखक ते चार ओळींत सांगतो आणि पुढचं प्रकरण पुन्हा विनोदी.

अक्कांनी याचं मराठी केलं, सहा वह्या भरून. ‘वर्णभेद’ हा शब्द त्यांनी पुस्तकात कुठेही येऊ दिला नाही. “तो शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे. तो दिसला की माणूस गंभीर चेहरा करतो, मान हलवतो आणि हात धुऊन मोकळा होतो.” त्याऐवजी त्यांनी घरातला शब्द घेतला. साहेबाच्या खात्याचं नाव केलं, वेगळं ठेवण्याचं खातं.

तीन प्रकाशकांनी वह्या परत केल्या. एकानं लिहिलं, विषय आपल्या वाचकाला दूरचा आहे. दुसऱ्यानं विचारलं, विनोदी म्हणून काढायचं तर शेवटाकडची ती आग वगळता येईल का. अक्कांनी पोस्टकार्डावर उत्तर पाठवलं, ‘वगळता आली असती तर मूळ लेखकानंच वगळली असती.’ मग त्यांनी सरळ वह्या टाइप करून घेतल्या, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून सात प्रती काढल्या, स्पायरल बाइंडिंग केलं आणि प्रत्येक प्रतीला मागे दहा कोरी पानं जोडली. अट एकच. वाचून झाल्यावर मागे लिहायचं. ‘छान’ चालणार नाही.

त्या कोऱ्या पानांवर अक्का जगत होत्या असं म्हटलं तरी चालेल. प्रत परत आली की त्या चष्मा बदलून जिन्याच्या पायरीवर बसत आणि लिहिलेल्या प्रत्येक अभिप्रायाखाली पेन्सिलीनं उत्तर लिहीत. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘अनुवाद सुबोध आहे.’ त्याखाली अक्का, ‘म्हणजे तुम्हाला कुठेच अडचण झाली नाही. व्हायला हवी होती. पुन्हा वाचा.’ आणि ती प्रत त्यांनी खरंच त्यांच्याकडे परत पाठवली. एका बाईंनी लिहिलं, ‘अशा विषयावर विनोद शोभत नाही.’ खाली दोनच शब्द, ‘कुणाला शोभत नाही?’ इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करणाऱ्या पुण्याच्या एका मुलानं लिहिलं की हसून हसून वाट लागली, पण आगीनंतर दोन दिवस डिस्टर्ब होतो, सुरुवातीला वॉर्निंग द्यायला हवी. वॉर्निंग म्हणजे काय ते अक्कांनी माझ्याकडून समजून घेतलं. “म्हणजे वाचकाला आधीच सांगायचं की बाबा, तुला इथे लागणार आहे. मग तो पाय जपूनच टाकेल. मग लागणार कसं?”

आणखी एक अभिप्राय होता. ‘त्या देशात केवढा अन्याय होता हे कळलं. आपण भाग्यवान आहोत.’ अक्कांनी ‘आपण’ या शब्दाभोवती एक गोल काढला आणि बाजूला लिहिलं, ‘कोण कोण?’

मला वाटायचं, या बाईंच्या हातून कुणी सुटत नाही. त्यांनाही बहुधा तसंच वाटत असावं.

रेणुकामावशी त्यांच्याकडे एकोणीस वर्षं काम करत होत्या. झाडूपोछा, भांडी, कपडे. मूळच्या निपाणीकडच्या, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, नवऱ्याच्या मागे इथे आलेल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, फार कमी बोलणाऱ्या. एकदा फडकं मारता मारता त्यांनी टेबलावरची प्रत उघडली आणि उभ्यानंच तीन पानं वाचली. मग विचारलं, “अक्का, हे मी घरी नेऊ का?”

अक्का खूष झाल्या. “ने की. पण मागं लिहायला लागेल हं.”

पुढे महिनाभर त्या भेटेल त्याला सांगत होत्या, “माझ्याकडे काम करणारी बाईसुद्धा वाचते आहे.” त्या वाक्यातलं ‘सुद्धा’ त्यांना ऐकू आलं नाही. मलाही नाही, हे आता लिहायला हवं.

रेणुकामावशींनी दीड महिना घेतला. बसची वाट बघताना वाचायच्या, असं नंतर कळलं. मग एका सकाळी त्यांनी प्रत ओट्यावर ठेवली आणि मागच्या अंगणात भांडी घासायला गेल्या. मी डबा भरत होते. अक्कांनी गॅसवर दूध ठेवलं होतं. त्यांनी तिथेच प्रत उघडली. दूध वर आलं, उतू गेलं, मी धावत जाऊन गॅस बंद केला. अक्कांनी मान वर केली नाही. वाचून झाल्यावर प्रत माझ्या हातात दिली आणि आत निघून गेल्या.

रेषा नसलेल्या पानावर सरळ ओळीत, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

‘हा साहेब वाईट नाही. त्याला काम नेमून दिलंय म्हणून तो करतोय. मी त्याला वळखते. मागच्या खिडकीत माझा पेला हाय, पोचा आलेला. तुमचे पेले आत मांडणीवर. रोज सकाळी तुम्ही म्हणता, रेणुका, तुझी कॉफी वेगळी ठेवलीय. पुस्तकात तुम्ही तोच शब्द घातलाय. मला बाकांच्या गोष्टीला लई हसू आलं. मग तो शब्द आला आणि मग हसू आलं नाही. एकोणीस वर्षं झाली. छान लिहू नको म्हणाला म्हणून लिहिलं. रेणुका.’

मी खिडकीकडे पाहिलं. पेला होता. बाहेरच्या कठड्यावर, पालथा. दोन वर्षं मी त्या खिडकीशी उभी राहून कॉफी पीत आले होते.

अक्कांना पहिल्यांदा आला तो राग. हे मी लपवणार नाही, कारण त्यांनीही लपवलं नाही. दिवसभर त्या खोल्यांमधून येरझारा घालत मला सांगत होत्या. “मी? मी तिच्या मुलीला कॉलेजात घालायला स्वतः गेले होते. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात कोण बसलं होतं? पेला काय, सासूबाईंच्या वेळेपासून तिथे आहे. मी ठेवला का?” संध्याकाळी त्या स्वतःच थांबल्या. “कसं बोलतेय मी, ऐकतेयस ना? पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात तो साहेब स्वतःची बाजू मांडतो, तेच म्हणतेय. माझंच भाषांतर.”

दुसऱ्या दिवशी खिडकीतला पेला नव्हता. अक्कांनी घरातल्या पितळी पेल्यांपैकी एकात कॉफी ओतली आणि ओट्यावर ठेवली. काही न बोलता. रेणुकामावशी पदराला हात पुसत आत आल्या, त्यांनी पेल्याकडे पाहिलं.

“माझा पेला कुठं गेला?”

“टाकला,” अक्का म्हणाल्या. “यातच पी आता.”

“असं नको अक्का.” मावशींचा आवाज नेहमीसारखाच होता. “पाव्हणे यायच्या वेळी त्या साहेबानं पण पाट्या अशाच काढल्या होत्या. कुणाला न सांगता. मी नाव घालून लिहिलंय. तुम्ही पण काय ते तोंडानं बोला.”

तीन भाषांत भांडणारी ही बाई त्या दिवशी एकाही भाषेत काही बोलू शकली नाही. मावशींनी कॉफी तशीच राहू दिली, लादी पुसली आणि गेल्या. त्यानंतर बारा दिवस त्या रोज वेळेवर आल्या, सगळं काम केलं, आणि त्या घरातलं पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. येताना घरून बाटली आणत. अक्का रोज कॉफी करत आणि रोज ती गार होई. अक्कांनी त्या पानाखाली पेन्सिलीनं काही लिहिलं नाही. पेन्सिल हातात घेऊन बसलेलं मात्र मी त्यांना दोनदा पाहिलं.

याच दिवसांत मराठी वाचन गटाचा कार्यक्रम आला. गटानं अक्कांच्या अनुवादावर चर्चा ठेवली होती, कोरमंगलातल्या एका मोठ्या सोसायटीच्या हॉलमध्ये. पुण्याहून एक प्रकाशक येणार होते, कुणाच्या तरी ओळखीनं. पुस्तक छापलं जाण्याची ती खरोखरची संधी होती, अक्कांनी नऊ वर्षं वाट पाहिलेली. गटाच्या संयोजकांनी फोनवर मला सांगितलं, “अक्कांना म्हणावं, वाचकांचे निवडक अभिप्राय वाचून दाखवा. चांगले चांगले. प्रकाशकांवर इम्प्रेशन पडेल.”

त्या रविवारी सकाळी अक्का मागच्या दारात गेल्या. मावशी कपडे पिळत होत्या. अक्का म्हणाल्या, “आज माझ्याबरोबर चल. तुझं पान मी सगळ्यांसमोर वाचणार आहे. तू नको म्हणालीस तर नाही वाचणार.”

मावशींनी चादर दोरीवर टाकली, तिच्या सुरकुत्या काढल्या. “माझं नाव घ्या वाचताना,” त्या म्हणाल्या. “नुसतं ‘कामवाली’ म्हणू नका.”

आम्ही तिघी रिक्षानं गेलो. हॉलमध्ये तीसेक माणसं. दारातच संयोजकांच्या पत्नींनी हसून स्वागत केलं आणि मावशींकडे बघत म्हणाल्या, “बरं झालं आणलंत. चहाचं आत जरा बघतील ना या?”

“नाही,” अक्का म्हणाल्या. “या वाचक आहेत.” आणि त्यांनी मावशींना पहिल्या रांगेत बसवलं, प्रकाशकांच्या शेजारी.

संयोजकांनी ओळख करून दिली. अक्का उठल्या. अनुवादाच्या प्रक्रियेवर वीस मिनिटं बोलायचं ठरलं होतं. त्यांनी चष्मा बदलला आणि प्रत मागून उघडली. “या पुस्तकावर मला जे अभिप्राय आले त्यातला सगळ्यात खरा मी वाचते. लिहिणाऱ्या रेणुका, या इथे बसल्यात. माझ्याकडे एकोणीस वर्षं काम करतात. यात ज्या घराबद्दल लिहिलंय ते माझं घर आहे.”

त्यांनी पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ‘वळखते’ला ‘वळखते’च वाचलं. मग प्रत मिटून म्हणाल्या, “तो पेला माझ्या सासूनं ठेवला असेल. पण ती जाऊन बावीस वर्षं झाली. रेणुका त्यानंतर आली. तेव्हा तो पेला तिच्यासाठी मीच ठेवला. माझं चुकलं. हे मी तिच्याशी घरात बोलायला हवं होतं, ते मला जमलं नाही. पण तिनं उघड लिहिलं, म्हणून मी उघड सांगतेय.”

मग सगळे एकदम बोलायला लागले. एक बाई म्हणाल्या, “अहो अक्का, तुम्ही फार मनाला लावून घेताय. स्वच्छतेचा प्रश्न असतो, सगळ्यांच्याच घरी असतं.” कुणी म्हणालं, “विषय आफ्रिकेचा आहे, आपण भरकटतोय.” वॉर्निंगवाला मुलगा खाली मान घालून बसला होता. संयोजक घड्याळ बघत होते. प्रकाशक समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, तुमचा प्रामाणिकपणा मोठा आहे. पुस्तक आपण करू या. पण ही मागची पानं वगैरे नकोत. वाचकाला उगाच टोचतं. कादंबरी कादंबरीसारखी राहू दे.”

“मग कादंबरीही राहू दे,” अक्का म्हणाल्या.

“म्हणजे?”

“छापायची तर ही पानं घेऊन. आणि रेणुकाचं पान सगळ्यात पुढे. नाहीतर नको.”

प्रकाशक हसले, म्हणाले, “विचार करा.” अक्का म्हणाल्या, “नऊ वर्षं केला.”

वातावरण सावरायला म्हणून संयोजक मावशींकडे वळले. आवाज मऊ करून त्यांनी विचारलं, “मावशी, तुम्हाला खूप वाईट वाटलं असेल ना एवढी वर्षं?”

रेणुकामावशी उठून उभ्या राहिल्या. “ते मी लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “परत कशाला सांगू? मला आगीच्या प्रकरणावर बोलायचं होतं. बोलू का?”

कुणी हो म्हणायची वाट न बघता त्यांनी अक्कांच्या हातातली प्रत घेतली, खूण घातलेलं पान काढलं आणि वाचलं, “‘महोदय, कृपया त्वरा करावी, माझा श्वास कोंडत आहे.’ हे ती म्हातारी बोलतीय. घर पेटलंय, ती खिडकीत हाय, आणि ‘कृपया’ म्हणतीय. असं कोण बोलतंय, अक्का?”

अक्का चपापल्या. “ती नोकर आहे गं. साहेबाशी बोलतेय. अदबीनं...”

“मी तुमच्याशी बोलताना ‘कृपया’ म्हणते व्हय? एकोणीस वर्षं ऐकताय की तुम्ही.” मावशी प्रेक्षकांकडे वळल्या. “इथं किती जणांना हसू आलं सांगा. मी सगळ्यांनी लिहिलेलं वाचलंय. चौघांनी लिहिलंय, म्हातारीचं बोलणं लई मजेशीर. हसायचं कुणाला? टेप घेऊन उभा हाय त्याला. पण हिचं बोलणं असं केलंय, की लोक मरणाऱ्या बाईला हसतात. तिथं तुम्ही चुकलाय. पेल्याचं एक झालं, हे दुसरं.”

इतका वेळ ताठ उभ्या असलेल्या अक्का खाली बसल्या. मला वाटलं, आता ही बाई मोडली. त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली.

“सावकाश सांग,” त्या म्हणाल्या. “कुठली कुठली वाक्यं?”

मग त्या दोघी पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसून त्या पानावर भांडायला लागल्या. प्रकाशक एक खुर्ची पलीकडे सरकले. संयोजकांनी आभार मानले, चहा झाला, माणसं पांगली, हॉलच्या वॉचमननं दिवे मालवायला सुरुवात केली, तरी त्यांचं चालूच होतं. अक्का म्हणत होत्या मूळ इंग्रजीत तसंच आहे, आणि मावशी म्हणत होत्या मग त्या इंग्रजीवाल्यानं पण तिला विचारलं नसणार.

पुण्याच्या प्रकाशकांकडून पुढे काही आलं नाही. वाचन गटानं नंतरच्या कार्यक्रमांचे निरोप अक्कांना पाठवणं बंद केलं. अक्का तरी जायच्या. ग्रुपवर पत्ता बघून मी सांगायची, आणि त्या दुपारी बस पकडून रेणुकामावशींना घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसायच्या. त्यांना उठून जा म्हणण्याचं धाडस कुणी केलं नाही. संयोजकांच्या पत्नींनी दोघींना एकाच ट्रेमधून चहा देताना मी एकदा पाहिलं. त्यांचा हात किंचित थांबला होता, पण ट्रे पुढे आला.

मी त्या घरात आणखी वर्षभर होते. म्हातारीच्या तोंडचं सगळं बोलणं पुन्हा लिहायचं ठरलं होतं. ती फक्त आगीत नाही, तर पुस्तकभर अधूनमधून येते, सत्तर-ऐंशी वाक्यं असतील. मावशींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, “भांडी आणि पुस्तक एका वेळी न्हाई जमणार. मी सांगायला बसले की सांगायलाच बसणार.” अक्का म्हणाल्या, “सरी.” पगार तोच राहिला आणि कामाची वाटणी बदलली.

त्यामुळे मी बेंगळुरू सोडलं तेव्हाचं त्या घराचं चित्र असं आहे. सकाळचे साडेआठ. रेणुकामावशी टेबलाशी खुर्चीत, पुढ्यात कॉफीचा पितळी पेला आणि उघडी प्रत, हातात पेन्सिल. अक्का साडी वर खोचून, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून ओट्याशी पाठमोऱ्या, कालची कढई घासत. मी बॅग घेऊन दारात निरोपासाठी उभी, आणि दोघींचं माझ्याकडे लक्ष नाही. आगीचं प्रकरण चाललेलं.

“हां, खिडकीत आली,” अक्का पाण्याच्या आवाजात ओरडून विचारतात. “साहेब टेप लावतोय. आता काय म्हणेल ती?”

मावशी पेन्सिल खाली ठेवतात.

“आधी नळ बंद करा,” त्या म्हणतात. “मग सांगते.”